सांदण दरीचा व्हिडिओ: दोन दिवस शूटिंग, आठ आठवडे एडिटिंग

सांदण दरीचा पावणेबारा मिनिटांचा व्हिडिओ शेवटी १५ मार्चला अपलोड झाला. ट्रेक १८ आणि १९ जानेवारी २०२५ असा दोनच दिवसांचा होता, बाकी सगळा वेळ आधीच्या तयारीत आणि नंतर लॅपटॉपसमोर गेला. याआधी मी बहिणीच्या पंचविसाव्या अॅनिव्हर्सरीला फोटो जोडून एक स्लाइड शो केला होता, एडिटिंगचा अनुभव एवढाच. जायच्या आधी महिनाभर मी नेटवर शोधत होते की अशा अरुंद दरीत शूटिंग कसं करतात, पण मराठीत काहीच सापडलं नाही आणि इंग्रजीतले सगळे धडे अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या तांबड्या वालुकाश्माच्या दऱ्यांचे निघाले. ते आपल्याकडे का चालत नाहीत हे मला दरीत उतरल्यावर कळलं. तुम्ही कुणी या मोसमात कॅमेरा घेऊन जाणार असाल तर आधी एवढं वाचून जा म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांदण दरी अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ आहे, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर. भंडारदऱ्याच्या धरणापलीकडे, एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग-मदन-कुलंगची रांग. गावातून पंधरा-वीस मिनिटं सपाटीवरून चालत जातो आणि जमिनीला अचानक भेग पडल्यासारखी दरी सुरू होते, काळ्या कातळाच्या दोन उभ्या भिंती आणि मधे धोंडेच धोंडे. काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील. पावसाळ्यात याच भेगेतून वरचं सगळं पाणी कोकणात जातं, त्यामुळे तेव्हा दरी बंद असते आणि असायलाच हवी, अवकाळी पाऊस झाला तरी आत जायचं नाही.

तयारी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केली. कॅमेरा माझ्या भाच्याचा, त्याला बारावीआधी वाढदिवसाला मिळालेला अॅक्शन कॅमेरा, आणि त्याच्याकडे २४९ ग्रॅमचा एक छोटा ड्रोनपण होता. त्याचं म्हणणं असं की २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला लायसन्स लागत नाही. ते खरंय, २०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनो ड्रोन उडवणाऱ्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण ही दरी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते आणि तिथे वन्यजीव कायदा लागतो, वजनाची सूट तिथे कामाला येत नाही. मी वनखात्याच्या ऑफिसात फोन केला, त्यांनी लेखी अर्ज द्यायला सांगितलं. साध्या कागदावर मराठीत अर्ज, त्यात तारखा, किती माणसं, कुठली उपकरणं, शूटिंग कशासाठी, पैसे मिळवायला की हौस म्हणून, सोबत सगळ्यांची आधार कार्डं. १९७२ च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात कुठल्या कामासाठी परवानगी मिळते त्याची यादी आहे, त्यात फोटोग्राफी आधीपासून होती, २०२२ च्या दुरुस्तीत फिल्म बनवणंही आलं, अट अशी की तिथल्या निसर्गाला आणि प्राण्यांना काही धक्का लागता कामा नये. हे मी अर्जात लिहिलं, त्यामुळे समोरच्यांना आम्ही नक्की काय मागतोय ते पटकन कळलं असं मला वाटतं. बारा दिवसांनी उत्तर आलं: हातातला कॅमेरा आणि मोबाईल चालेल, नाक्यावर नेहमीची प्रवेशाची पावती फाडायची, ड्रोनसाठी मात्र वरच्या ऑफिसला वेगळा अर्ज करावा लागेल. तेवढा वेळ हातात नव्हता, ड्रोन घरी ठेवला. भाचा दोन दिवस नाराज होता. पण पुढे एडिटिंगला बसलो तेव्हा वरून घेतलेला एकही शॉट नाही याची मला कुठेच अडचण वाटली नाही, ती दरी आतूनच बघायची आहे.

खर्च सांगते. ट्रेक ग्रुपचे माणशी २,२०० रुपये, त्यात दोर, हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे), हेल्मेट, जेवण, तंबू आणि गावातले वाटाडे. १२८ जीबीचं मेमरी कार्ड १,१५०, दोन जादा बॅटऱ्या १,६००, छातीला बांधायचा पट्टा ४५०, पाणी आत न जाणारी ड्राय बॅग ६५०. घरी आल्यावर एक टीबीची हार्ड डिस्क घ्यावी लागली, ४,६०० रुपये. यातली ड्राय बॅग आणि जादा बॅटऱ्या याच खऱ्या कामाच्या. छातीचा पट्टा घेतला नसता तरी चाललं असतं, त्याचं कारण पुढे येईल. कार्ड घेताना त्यावर व्ही३० (कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलंय का ते बघा, नाहीतर फोर-के रेकॉर्डिंग मधेच थांबतं.

शुक्रवारी रात्री अकराला कल्याणहून निघालो, कसारा, घोटी, शेंडी करत पहाटे साम्रदला पोचलो. थंडी अशी की गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. आमचे वाटाडे दादा, त्यांच्याच घरी नाश्ता होता. त्यांची आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती, तळहातावरची भाकरी फिरताना तिच्या बांगड्यांचा ठेका पडत होता आणि चुलीच्या उजेडात परातीच्या कडेला पिठाची एक पांढरी रेघ चमकत होती. भाच्याने तिला विचारलं, मावशी काढू का व्हिडिओ, ती हो म्हणाली, आणि मग तिनेच विचारलं की आत दरीतलं पण काढणार का. तिने दरीचं तोंड शंभरदा बघितलंय, गुरं आणायला, पाण्याला, पण दुसऱ्या डोहाच्या पुढे ती कधी गेली नाही, पुढे दोर लागतो. दादा म्हणाले, "ताई, झाला की आईला दाखवा. शहरातले एवढे लोक काढून नेतात, आमच्याकडे कुणी परत घेऊन येत नाही." मी शब्द दिला. पुढचे दोन महिने कंटाळा आला की मला हे वाक्य आठवायचं.

सकाळी साडेआठला आत शिरलो. तोंडाशी पाण्याचा झरा आहे, बाटल्या तिथेच भरून घ्या. पहिली अर्धीअधिक दरी मी आणि भाच्याने अधाशासारखी शूट केली, चालता चालता, वर खाली डावीकडे उजवीकडे. त्या सगळ्या शूटिंगमधलं जेमतेम चाळीस सेकंद शेवटी व्हिडिओत आलं.

कारण उजेड. अॅरिझोनाच्या दऱ्यांत वरून आलेलं ऊन तांबड्या भिंतीवर आपटतं, तिथून समोरच्या भिंतीवर, असं खाली येतायेता सगळी दरीच आतून पेटल्यासारखी दिसते. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, काळा. तो उजेड परत देतच नाही, गिळून टाकतो. डोक्यावर आभाळाची पांढरीशुभ्र पट्टी आणि खाली अंधार. कॅमेरा वर केला की आभाळ बघून तो सगळं काळं करतो, खाली आणला की आभाळ फुटून पांढरं होतं, आणि ऑटोवर ठेवून वरून खाली फिरवला तर व्हिडिओत दिवा लावल्या-विझवल्यासारखं दिसतं. डोळ्यांना हे जाणवत नाही, डोळे सांभाळून घेतात. तर पहिली गोष्ट, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करा. बऱ्याच मोबाईलमध्ये भिंतीवर बोट दाबून धरलं की लॉक होतं, अॅक्शन कॅमेऱ्यात मेनूत जावं लागतं, ते घरी शिकून जा, आत ओल्या हातांनी जमत नाही. आणि आभाळ फ्रेममधून सरळ काढून टाका, किंवा ते पांढरं होणार हे मान्य करून टाका. दोन्ही एकदम नीट मिळणार नाही.

दुसरं म्हणजे आम्ही सगळं सेकंदाला साठ फ्रेमवर घेत होतो, कारण कुठेतरी वाचलं होतं की त्याने हालचाल छान दिसते. भरपूर उजेडात दिसते. अंधाऱ्या जागी शटर भरभर पडतं, उजेड कमी पडतो, मग कॅमेरा आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) चढवतो आणि भिंतीवर मुंग्या फिरल्यासारखे ठिपके येतात. दुपारी एका ट्रेकर काकांनी सांगितलं की पंचवीस फ्रेमवर ये आणि शटर १/५० सेकंद ठेव. तिथून पुढचं फुटेज एकदम निवळलं. फक्त एक लक्षात ठेवायचं, शटर हळू असताना चालत शूट केलं तर कॅमेऱ्यातलं हलणं कमी करायचं फीचर नीट काम करत नाही, चित्र मधे मधे पुसल्यासारखं होतं. म्हणजे उभं राहायचं. धोंड्याला पाठ टेकून, श्वास धरून, दहा सेकंद मोजायचे आणि माणसांना फ्रेममधून जाऊ द्यायचं. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. मोकळी भिंत किती उंच आहे ते व्हिडिओत कळतच नाही, दहा फूट असेल नाहीतर दोनशे फूट. तिच्या पायथ्याशी लाल हेल्मेट घातलेलं एक माणूस चालत आलं की पोटात कसं तरी होतं.

पहिला डोह गुडघ्याच्या वर होता, दुसरा माझ्या छातीपर्यंत. जानेवारीतलं पाणी, त्यावर कधी ऊन पडलेलं नाही, पाय टाकला की शब्दच फुटत नाही तोंडातून. बॅगा डोक्यावर घेऊन एकमेकांना हात देत पार झालो आणि तो सगळा भाग भाच्याने फार सुंदर शूट केला, पण पलीकडे गेल्यावर लेन्सवर एक थेंब राहिला. एकच. तो छोट्या स्क्रीनवर दिसला नाही. घरी आल्यावर बघितलं तर डोहापासून पुढची चौतीस मिनिटं प्रत्येक फ्रेमच्या मधोमध एक धूसर गोळा. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी त्याच काकांनी सांगितलं होतं, पाण्यात जाण्याआधी लेन्सची काच जिभेने ओली करायची, मग पाण्याचे थेंब धरत नाहीत, पातळ पसरून निघून जातात. ऐकायला कसंतरी वाटेल पण खरंच चालतं, मी नंतर घरी नळाखाली करून बघितलं. आणि पाण्यातून बाहेर आल्यावर प्रत्येक वेळी काच पुसा, त्यासाठी एक कोरडा सुती रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा, ड्राय बॅगच्या तळाशी नको.

पुढे धोंडे मोठे होत जातात, काही तर खोलीएवढे, त्यांवरून बसून घसरत उतरायचं. वर माकडं असतात आणि त्यांच्या उड्यांनी कधी कधी दगड सुटतात, म्हणून कितीही घाम आला तरी हेल्मेट काढायचं नाही. दादांनी इथे कॅमेऱ्याचे नियम घालून दिले: सेल्फी स्टिक बॅगेत, हातात काही नाही, कॅमेऱ्याला बारीक दोरी बांधलेली हवी, म्हणजे सुटला तर खालच्याच्या डोक्यात पडणार नाही. मला ते अगदी पटलं.

मग साधारण पंचेचाळीस फुटांचं रॅपलिंग, म्हणजे दोराने कातळ उतरणं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. हार्नेस घट्ट केला, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) लावला, दादांनी दोनदा ओढून बघितला, मग म्हणाले पाठ दरीकडे करा आणि मागे बसा. मागे बसायचं, हवेत. पहिल्या दोन पावलांना पाय थरथरत होते, मग कातळ बुटाला धरतोय हे कळलं आणि खाली आले. हे सगळं छातीवरच्या कॅमेऱ्याने टिपलं आणि ते पूर्ण फुकट गेलं. त्यात काय दिसतं, तर दोर, माझे हातमोजे आणि नाकासमोर अडीच फुटांवर कातळ. खोली अजिबात नाही. शिवाय पट्टा हार्नेसमध्ये अडकत होता, तो दादांनी मला दोरावर लटकण्याआधीच बाजूला सरकवायला लावला, तेव्हा फ्रेमपण तिरकी झाली. भाचा माझ्याआधी उतरला होता. त्याने खाली एका धोंड्यावर मोबाईल टेकवून ठेवला आणि तो विसरून बिस्किटं खात बसला. त्या मोबाईलमध्ये मी आहे, सगळ्या काळोखात एक ठिपका, थांबते, पुन्हा खाली येते, वरून दादांचा आवाज घुमतो, "बसा ताई, बसा मागं". एक मिनिट पन्नास सेकंद, एकही कट न मारता मी ते अख्खं व्हिडिओत ठेवलंय. ज्यांना दोराचा भाग शूट करायचाय त्यांनी एक माणूस खाली आधी पाठवा आणि कॅमेरा कशावर तरी टेकवून ठेवा, एवढंच.

अजून दोन छोटे टप्पे उतरून मुक्कामाच्या जागी संध्याकाळ झाली. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात म्हणून त्या मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपले. झोपण्याआधी तंबूपासून लांब जाऊन मोबाईलवर तीन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड केला, कुठेतरी ठिबकणारं पाणी, रातकिडे, लांब कुणीतरी भांडं घासतंय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्या वेळी ऐकावंसं वाटलं म्हणून केलं. एडिटिंगमध्ये हे सोन्यासारखं कामाला आलं, कारण पाण्यात भिजल्यावर कॅमेऱ्याचा माइक बराच वेळ बुडबुडल्यासारखा आवाज देत होता.

दुसऱ्या दिवशी करोली घाटाने परत साम्रदला चढलो. (काही ग्रुप खाली डेहण्याला उतरून आसनगावला जातात, आम्ही गाडीसाठी वर आलो.) चढ घाम काढणारा आहे. एका वळणावर मोठा सपाट धोंडा आहे, तिथे सगळे धापा टाकत बसलो, आणि भाच्याने कॅमेरा बंद न करताच बाजूला ठेवला. एक मिनिट बारा सेकंदांची क्लिप: धोंड्याची कड, आमचे चिखलाचे बूट, कुणीतरी संत्रं सोलतंय, मागे धुरकट निळ्या उजेडात खालची कोकणातली शेतं.

घरी येऊन मोजलं तर एकूण तीन तास, १९६ क्लिपा, ११५ जीबी. कार्ड लॅपटॉपला लावताना आधी सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करा, ती कॉपी उघडून बघा, दुसरी कॉपी करा, मगच कार्ड फॉरमॅट. कट नाही, कॉपी. आमची एक क्लिप उघडेचना, रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली होती. मी रडवेली झाले होते, मग भाच्याने ते कार्ड परत कॅमेऱ्यात घालून कॅमेरा चालू केला आणि कॅमेऱ्याने आपोआप ती फाइल दुरुस्त केली. कार्ड फॉरमॅट करायची घाई केली असती तर गेली होती. अजून एक, काही अॅक्शन कॅमेरे लांब व्हिडिओचे तुकडे करून साठवतात आणि त्यांची नावं अशी असतात की नावाप्रमाणे लावलं तर क्रम उलटासुलटा होतो, फाइल कधी बनली त्या वेळेप्रमाणे लावा.

एडिटिंगला दा विन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घेतली. माझा लॅपटॉप पाच वर्षांचा, फोर-के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की अडखळायचा. तीन संध्याकाळी असंच अडखळत काम केलं आणि मग प्रॉक्सी हा प्रकार कळला, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी कॉपी बनवतं, आपण त्यावर काम करायचं, शेवटी बाहेर काढताना ते मूळ फुटेज वापरतं. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून प्रॉक्सी बनवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं लोण्यासारखं चालायला लागलं. हे पहिल्याच दिवशी करा.

रोज रात्री जेवणं आवरली की साडेनऊ ते अकरा, शनिवारी जास्त. पहिला जोड अडतीस मिनिटांचा झाला. नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला छान आहे, पण आपण आत्ता कुठे आहोत हे मला कळत नाहीये. अगदी बरोबर. आम्ही भिंतीच भिंती शूट केल्या होत्या, जोडणारे शॉट नव्हतेच. हार्नेस बांधतानाचे हात, बॅग भरणं, पुढे जाणाऱ्या माणसाची पाठ, वळून बघणारा चेहरा, असं काही असलं की बघणारा आपल्याबरोबर चालतो. जे थोडं होतं ते बहुतेक भाच्याने सहज म्हणून घेतलेलं. मग मी वहीत कागदावर दरीचा नकाशा काढला, तोंड, पहिला डोह, दुसरा डोह, धोंडे, दोर, मुक्काम, घाट, आणि प्रत्येक जागेला दोन मिनिटांपेक्षा जास्त द्यायचं नाही असं ठरवलं. अडतीसचे सतरा झाले. तिथे दोन आठवडे अडकले, कारण प्रत्येक शॉटशी माझी काहीतरी आठवण होती. शेवटी आवाज बंद करून बघितलं, जिथे लक्ष उडालं तिथे कापलं. पावणेबारा उरले. भाचा दोराशिवाय एका मोठ्या धोंड्यावर चढतो ती क्लिप दिसायला जबरदस्त होती, ती मी काढून टाकली, बघून कुणी पोरगं तसं करायला जाऊ नये. दुसऱ्या ग्रुपमधल्या लोकांचे चेहरे दिसत होते तेही शॉट काढले, त्यांना विचारलेलं नव्हतं.

रंगात वेगळाच त्रास. सावलीतलं सगळं फुटेज निळसर, माणसं आजारी दिसत होती. थोडा उबदारपणा वाढवला की चेहरे बरे दिसायचे, जास्त झाला की पाणी चहासारखं. ऑटो व्हाइट बॅलन्समुळे (कॅमेरा रंगाची छटा आपोआप ठरवतो त्यामुळे) प्रत्येक क्लिपचा निळा वेगळा, त्यामुळे एकेक बसवत गेले, यात नऊ रात्री गेल्या. जाताना व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर पक्का केला असता तर एकदाच करावं लागलं असतं. ठिपके काढायचं टूल पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे, मी ते घेतलं नाही, अंधारे भाग अजून थोडे काळे होऊ दिले, ठिपके त्यात बुडाले. दरी तशी काळीच आहे.

मराठी नावं टाकताना ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला लागत होती आणि जोडाक्षरं फुटत होती, "साम्रद" चं "साम् रद" दिसायचं. फॉन्ट बदलून बघितले, नाही झालं. शेवटी मोबाईलवरच्या एका अॅपमध्ये पारदर्शक पाटीवर अक्षरं लिहून ती चित्र म्हणून आत घेतली. वेळ लागतो, पण अक्षर शुद्ध येतं. आपल्या गावांची नावं चुकीची दाखवायची माझी तयारी नव्हती.

पहिल्यांदा मी मागे एक आवडतं सिनेमाचं गाणं लावलं होतं, अपलोड केल्याबरोबर कॉपीराइटचा दावा आला. बरोबरच आहे, गाणं माझं नाही. ते काढून रात्रीचा तो तीन मिनिटांचा आवाज आणि पाण्याचे आवाज लावले, फक्त सुरुवातीला यूट्यूबच्या फुकट लायब्ररीतली बासरी आहे. दुसरी गोष्ट, १०८० वर, म्हणजे फोर-केपेक्षा कमी बारकाव्यात, अपलोड केलेल्या पहिल्या व्हिडिओत काळ्या भिंतींचे चौकोनी ठोकळे झाले होते, तोच फोर-केमध्ये काढून टाकल्यावर बराच साफ दिसला, मोबाईलवर बघणाऱ्यालाही. अपलोडला माझ्या वायफायवर सहा तास लागले आणि त्यानंतर पूर्ण क्वालिटी दिसायला अजून काही तास जातात, लगेच बघून घाबरू नका. पहिल्या वीस सेकंदांत पाटी टाकली आहे की पावसाळ्यात दरीत जाऊ नये आणि दोराचं काम माहितगार माणसाशिवाय करू नये.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं साम्रदला गेलो. तिथे रेंज धड नसते, म्हणून व्हिडिओ टॅबमध्ये घालून नेला. दादांच्या आई, म्हणजे मावशी, ओट्यावर बसल्या, दादा, त्यांची दोन मुलं, शेजारच्या दोघीतिघी. मावशींनी टॅब मांडीवर घेतला. दोराचा भाग आला तेव्हा सगळे गप्प होते, मुलं दादांच्या आवाजाला हसली. दुसऱ्या डोहाला त्या म्हणाल्या, "यंदा पाणी लवकर उतरलंय." आणि मग शेवटाकडे, मी घाटाची चढण दाखवायला त्या बूट आणि संत्र्याच्या क्लिपमधले फक्त तीन सेकंद वापरले होते, ते सरकून गेले आणि मावशींनी माझा हात धरला.

"मागं घे गं. पुढं का गेलं?"

मागे घेतलं. पुन्हा गेलं. पुन्हा मागे घेतलं आणि थांबवलं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, धोंड्याच्या कडेवर. "हितं ओझं टेकायचो आम्ही. माझं माहेर खाली डेहण्यात. लगीन झालं तवा याच घाटानं वर आले." मग बोट मागच्या धुरकट शेतांकडे नेलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ती एक मिनिट बारा सेकंदांची अख्खी क्लिप घरी हार्ड डिस्कवर होती. त्याच रात्री मी ती दादांना पाठवली. बुधवारी ते बाजाराला शेंडीला गेले तेव्हा तिथे रेंजमध्ये त्यांनी ती उतरवून घेतली.